वीजकेंद्रातली पाळी आणि कॉलेजचे श्रेयांक

अमेरिकेत अणुवीज केंद्राच्या नियंत्रण कक्षात बसून अणुभट्टी चालवायला सरकारी परवाना लागतो, पदवी लागत नाही. तिथला अणुनियामक आयोग उमेदवाराची लेखी परीक्षा घेतो. मग नियंत्रण कक्षाची हुबेहूब नक्कल असलेल्या सिम्युलेटरवर त्याच्यासमोर एकामागून एक बिघाड उभे करतो, केंद्रात फिरवून प्रश्न विचारतो आणि त्यानंतरच परवाना देतो. उष्मागतिकी, अणुभौतिकी, द्रवयांत्रिकी, पाण्याचे रसायनशास्त्र हे सगळे या तयारीत येते. असा परवानाधारक उद्या एखाद्या कॉलेजात गेला, तर तिथला कारकून शांतपणे पहिल्या वर्षाचा अर्ज त्याच्यापुढे सरकवू शकतो. हजारभर मेगावॅटचा संच ज्याच्या हवाली आहे, त्याने आधी बीजगणित एक पास करावे, अशी अपेक्षा.

हा प्रश्न अणुवीज केंद्रांपुरता नाही. कोळशावर, वायूवर, पाण्यावर चालणाऱ्या प्रत्येक वीजकेंद्रात माणसे काम करता करता शिकतात आणि शिकतात ते फुटकळ नसते. बॉयलर पेटवताना ड्रमच्या आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक का सांभाळायचा, कंडेन्सरची पोकळी घसरली की संचाची क्षमता का घसरते, पाण्यात सिलिका वाढली की टर्बाइनच्या पात्यांचे काय होते, हे ज्याला कारणासह कळते त्याने अभियांत्रिकीच्या दोन-तीन विषयांचा गाभा आत्मसात केलेला असतो. मग अप्रेंटिसशिपमधले हे शिक्षण कॉलेजच्या क्रेडिटमध्ये, म्हणजे श्रेयांकांत, मोजता येईल का? आणि मोजलेच, तर ते क्रेडिट मान्य कोण करील? या दोन प्रश्नांपैकी पहिल्यावर भरपूर काम झाले आहे. खरी अडचण दुसऱ्यात आहे.

मोजणीचा इतिहास अमेरिकेतच सुरू होतो. तिथला राष्ट्रीय अप्रेंटिसशिप कायदा १९३७ सालचा, फिट्झजेराल्ड कायदा म्हणून ओळखला जाणारा. नोंदणीकृत अप्रेंटिसशिपचा तिथला रूढ साचा असा : वर्षाला सुमारे २००० तास प्रत्यक्ष काम आणि त्याच्या जोडीला किमान १४४ तास वर्गातले शिक्षण. चार वर्षांची अप्रेंटिसशिप धरली, तर वर्गातलेच तास ५७६ होतात. अमेरिकी कॉलेजात एका क्रेडिटसाठी सत्रभर आठवड्याला एक तास, म्हणजे साधारण १५ तास वर्गात बसावे लागते. या हिशेबाने ५७६ तासांची ३८ क्रेडिट होतात. दोन वर्षांच्या असोसिएट पदवीला ६० लागतात. म्हणजे हाताने केलेले काम बाजूला ठेवले, नुसता वर्ग धरला, तरी निम्म्याहून अधिक पदवी पदरात. हिशेब मोहक आहे, पण तास भरले म्हणून क्रेडिट मिळत नाही. त्या तासांत काय शिकवले, कोणी शिकवले आणि परीक्षा कशी घेतली, हे कॉलेजच्या प्राध्यापकाला पटावे लागते.

हे पटवून देण्याचे काम अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन ही संस्था करते. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांचे लष्करी प्रशिक्षण कॉलेजच्या भाषेत मांडण्यापासून तिने या कामाला सुरुवात केली. १९७४ पासून कंपन्या आणि कामगार संघटनांची प्रशिक्षणेही ती तपासू लागली. त्या त्या विषयाचे कॉलेजमधले अध्यापक एकत्र येतात, अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका, प्रशिक्षकांची पात्रता पाहतात आणि ‘या प्रशिक्षणाला अमुक विषयात, अमुक पातळीचे, इतके क्रेडिट द्यावे’ अशी शिफारस करतात. ती शिफारसच असते. चेक लिहिणारा एक आणि वटवणारा दुसरा, असा हा व्यवहार आहे आणि वटवायचा की नाही हे प्रत्येक कॉलेज आपापले ठरवते.

या व्यवहाराचा सर्वाधिक फायदा झाला तो नौदलाच्या अणुविभागातून बाहेर पडलेल्यांना. दक्षिण कॅरोलायनातल्या गूज क्रीक इथे नौदलाची अणुऊर्जा शाळा आहे. पाणबुड्या आणि विमानवाहू जहाजांवरच्या अणुभट्ट्या चालवणारे खलाशी तिथे तयार होतात. बारावी होऊन आलेल्या मुलांना तिथे काही महिन्यांत जो अभ्यास करावा लागतो, त्याची कडक शिस्त प्रसिद्ध आहे. त्यांच्या प्रशिक्षणाला भरघोस क्रेडिटची शिफारस असते, आणि मुख्य म्हणजे ते क्रेडिट घेणारी कॉलेजे ठरलेली आहेत. न्यूयॉर्क राज्यातले एक्सेल्सियर आणि न्यू जर्सीतले थॉमस एडिसन राज्य विद्यापीठ या दोन संस्था १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नोकरी करणाऱ्या प्रौढांसाठीच निघाल्या. आमच्याकडे अमुक इतकी सत्रे बसलेच पाहिजे, अशी अट त्या घालत नाहीत. दोन्हीकडे अणुअभियांत्रिकी तंत्रज्ञानाची पदवी आहे आणि वीजकेंद्रांतल्या कित्येक ऑपरेटरांनी ती नोकरी सांभाळून घेतली आहे.

अणुवीज केंद्रांचे प्रशिक्षण इतके मोजण्याजोगे झाले, त्यामागे एक अपघात आहे. २८ मार्च १९७९ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड केंद्रातला दुसरा संच अंशतः वितळला. अडकून उघडी राहिलेली एक झडप ऑपरेटरांच्या ध्यानात आली नाही आणि समोरचे आकडे चुकीचे वाचून त्यांनी आपत्कालीन पाण्याचा पुरवठाच कमी केला. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नेमलेल्या केमेनी आयोगाने ऑपरेटरांच्या प्रशिक्षणावर कठोर ताशेरे ओढले. गंमत अशी की ही माणसे अनुभवात कमी नव्हती. नौदलातली पार्श्वभूमी त्यांच्यापाशी होती. समोर दिसणाऱ्या आकड्यांमागचे भौतिकशास्त्र त्या घटकेला त्यांच्या उपयोगी आले नाही. त्याच वर्षाअखेरीस अणुवीज कंपन्यांनी एकत्र येऊन इन्पो ही देखरेख संस्था उभी केली. १९८५ मध्ये प्रशिक्षणाला मान्यता देणारी राष्ट्रीय अकादमी आली. कोणत्या कामाला कोणते ज्ञान लागते, ते कसे शिकवायचे, कसे तपासायचे, हे सगळे कागदावर आले. असे लेखी प्रशिक्षण कॉलेजच्या प्राध्यापकासमोर ठेवता येते. नुसता ‘वीस वर्षांचा अनुभव’ ठेवता येत नाही.

कोळशाच्या केंद्रांना असा धक्का बसला नाही. तिथे दुसरा मार्ग निघाला : कॉलेजच केंद्रापर्यंत गेले. नॉर्थ डकोटा हे लिग्नाइट कोळशाचे राज्य. मिझुरी नदीच्या परिसरात खाणींच्या तोंडाशीच वीजकेंद्रे उभी आहेत. राजधानी बिस्मार्कमधल्या बिस्मार्क स्टेट कॉलेजने वीजकेंद्र तंत्रज्ञानाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला आणि पुढे तो ऑनलाइन नेला. पाळीत काम करणारा माणूस ठरल्या वेळी वर्गात येऊ शकत नाही, हे त्या कॉलेजने ओळखले. आज रात्रपाळी, उद्या सुट्टी, परवा सकाळची पाळी, अशा आयुष्यात मंगळवार-गुरुवारचा सायंवर्ग बसत नाही. २००७ मध्ये केंद्र सरकारच्या ऊर्जा खात्याने या कॉलेजाला वीजकेंद्र चालवण्याच्या शिक्षणाचे राष्ट्रीय केंद्र म्हणून दर्जा दिला. इंडियानात आयव्ही टेक या सार्वजनिक कॉलेजाने कामगार संघटनांच्या अप्रेंटिसशिपलाच असोसिएट पदवीचा कणा केले. संघटनेच्या प्रशिक्षण केंद्रात शिकलेले विषय पदवीत धरले जातात आणि भाषा, गणित, समाजशास्त्र यांसारखे सामान्य विषय कॉलेज शिकवते. २०१४ मध्ये केंद्र सरकारने नोंदणीकृत अप्रेंटिसशिप आणि कॉलेजे यांचा एक संघच बांधला. त्याचा उद्देश असा की एका राज्यात अप्रेंटिसशिप केलेल्या माणसाचे क्रेडिट दुसऱ्या राज्यातही चालावे.

इतके असूनही तिथले चित्र गुलाबी नाही. बहुतेक कॉलेजांत पदवीच्या निदान पाव भागाचे क्रेडिट त्याच कॉलेजात मिळवावे लागते. ही अट समजण्यासारखी आहे. दुसरी खोच अधिक फसवी आहे. कॉलेज क्रेडिट देते, पण ते ‘ऐच्छिक’ या सदरात टाकते. गुणपत्रकावर ३० क्रेडिट दिसतात, पदवीच्या आवश्यक विषयांपैकी मात्र एकही कमी होत नाही. जाहिरातीत ‘अनुभवाला ३० क्रेडिट’ म्हणून छापता येते आणि शुल्काचे उत्पन्नही बुडत नाही. तिसरी अडचण विषयांच्या पातळीची. वीजकेंद्रात शिकलेले गणित हे तंत्रज्ञानाच्या पदवीला पुरते. अभियांत्रिकीच्या पदवीला कलनशास्त्रच लागते आणि तिथे अप्रेंटिसशिपचे क्रेडिट सहसा उपयोगी पडत नाही. या दोन पदव्यांतला फरक अप्रेंटिसला आधी कोणी सांगत नाही.

तरीही हा खटाटोप फोल नाही. अमेरिकेतल्या सीएईएल या संस्थेने २०१० मध्ये ४८ संस्थांमधल्या ६२,४७५ प्रौढ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पूर्वीच्या शिक्षणाला क्रेडिट मिळालेल्यांपैकी ५६ टक्के पदवीपर्यंत पोचले; न मिळालेल्यांपैकी २१ टक्के. आकडा जोरदार आहे, पण जरा जपून घ्यावा. क्रेडिटसाठी अर्ज, नोंदी, चाचण्या असे सोपस्कार करणारा माणूस मुळातच चिकाटीचा असतो. तो कदाचित एरवीही पदवी घेऊन गेला असता. शिवाय ही संस्था याच पद्धतीची पुरस्कर्ती आहे.

जर्मनीने हिशेबाची सारी पद्धतच वेगळी ठेवली. एसेन शहरात १९५७ पासून वीजकेंद्र कामगारांची खास शाळा आहे. एखाद्या कारागिरीचे मूळ शिक्षण झालेला माणूस तिथून आधी ‘क्राफ्टवेर्कर’ आणि पुढे ‘माइस्टर’ होतो. परीक्षा उद्योग-व्यापार मंडळ घेते. राष्ट्रीय पात्रता चौकटीत हा माइस्टर पदवीधराच्या बरोबरीने सहाव्या पातळीवर बसतो. २००९ मध्ये तिथल्या राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांनी माइस्टरना विद्यापीठाचे दार खुले केले, आणि विद्यापीठाबाहेर मिळवलेले ज्ञान अभ्यासक्रमाच्या निम्म्यापर्यंत धरता येते, असा नियमही तिथे आहे. फरक मानण्याचा आहे. माइस्टर झालेल्या माणसाला पदवी नसल्याची खंत तिकडे फारशी वाटत नाही, कारण पगार आणि प्रतिष्ठा त्या प्रमाणपत्राला चिकटलेली असते.

आपल्याकडे प्रतिष्ठा पदवीला चिकटली आहे. म्हणून श्रेयांकांचा प्रश्न इथे जर्मनीपेक्षा अधिक निकडीचा.

भारताचा शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. आयटीआय झालेला फिटर, इलेक्ट्रिशियन किंवा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक वर्षभर एखाद्या आस्थापनेत अप्रेंटिस म्हणून राबतो, अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा देतो आणि राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र मिळवतो. महाराष्ट्रात महानिर्मितीची चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी, पारस, एकलहरे ही औष्णिक केंद्रे पिढ्यान्‌पिढ्या अशा मुलांची कार्यशाळा राहिली आहेत. एकट्या चंद्रपूर केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट. कोल मिल उघडून रोलर बदलणे, पंपाचे अलाइनमेंट, ब्रेकरची देखभाल, परमिट घेतल्याशिवाय कशालाही हात न लावण्याची शिस्त, हे तिथे शिकता येते तसे कुठल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकता येणार नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांनी तर वीजकेंद्रातल्या तंत्रज्ञाकडे आयटीआयचे, शक्यतो दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे, प्रमाणपत्र हवे आणि त्यावर ठरवून दिलेले प्रशिक्षण झालेले हवे, असे स्पष्ट म्हटले होते. म्हणजे प्रशिक्षण आहे, ते कायद्याने आवश्यकही आहे.

शिक्षणाची शिडीही आहे, पण तिची एक पायरी हवेत लटकते. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. पदविकेनंतर अभियांत्रिकीच्याही थेट दुसऱ्या वर्षात जाता येते. या हिशेबात आयटीआयची दोन वर्षे धरली जातात, पदविकेची धरली जातात. मधले अप्रेंटिसशिपचे वर्ष मात्र कुठेच धरले जात नाही. ते नोकरीच्या जाहिरातीत कामाला येते, शिक्षणात नाही. आयटीआयच्या वर्गातून सरळ तंत्रनिकेतनात गेलेला मुलगा आणि कोराडीच्या ६६० मेगावॅटच्या संचावर वर्षभर घाम गाळून गेलेला मुलगा, दोघे एकाच बाकावर बसतात आणि दोघांनाही तोच अभ्यासक्रम पहिल्यापासून शिकावा लागतो.

कागदावर हे आता बदलले आहे. जुलै २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने शैक्षणिक क्रेडिट बँक सुरू केली. एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखडा जाहीर झाला. वर्षाचे १२०० तासांचे शिक्षण म्हणजे ४० क्रेडिट, हा त्याचा पाया. शाळा, कॉलेज, आयटीआय, अप्रेंटिसशिप सगळ्यांना एकच माप. संबंधित कामाच्या अनुभवाला १ ते २ पट वजन देण्याचीही त्यात सोय आहे, मूल्यमापन होईल या अटीवर. अप्रेंटिसशिप-अंतर्भूत पदवीसाठी अनुदान आयोगाने २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०२५ मध्ये ती नव्याने मांडली. त्यानुसार तीन वर्षांच्या पदवीतली एक ते तीन सत्रे विद्यार्थी उद्योगात अप्रेंटिस म्हणून घालवू शकतो आणि त्याचे क्रेडिट त्याला मिळते.

आता यातली दिशा पाहा. अंतर्भूत पदवीची वाट कॉलेजातून कारखान्याकडे जाते : आधी प्रवेश, मग अप्रेंटिसशिप. हे चांगलेच आहे. पण वीजकेंद्रातला अप्रेंटिस उलट बाजूने येतो. तो आधी अप्रेंटिस असतो, कॉलेज त्याच्या आयुष्यात नंतर येते, आलेच तर. या उलट्या वाटेसाठी आराखडा आहे, बँक आहे, खातेही उघडता येते. दोन गोष्टी नाहीत. एक म्हणजे चंद्रपूर किंवा भुसावळच्या प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम उघडून ‘हे पदविकेच्या थर्मल इंजिनिअरिंगच्या अमुक भागाइतके आहे’ असे विषयवार सांगणारे परीक्षक मंडळ. आणि दुसरे, ते मान्य करायला बांधील असलेले कॉलेज.

मुक्त विद्यापीठाकडे बोट दाखवणे सोपे आहे. नाशिकमध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, आणि त्याच नाशिकमध्ये एकलहऱ्याचे वीजकेंद्रही. पण दूरशिक्षणाने अभियांत्रिकी शिकवण्यावर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे कडक निर्बंध आहेत. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांनी मान्यतेशिवाय दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर जो निकाल दिला, त्यानंतर या क्षेत्रात कोणी सहजासहजी पाऊल टाकणार नाही. ती सावधगिरी योग्यही आहे. वरवरचे शिक्षण अशा कामात महागात पडते, थ्री माइल आयलंडचा धडा तोच होता. मार्ग आहे तो नियमित संस्थांतून. नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत अभियांत्रिकी आणि पदविका शिकवण्याची परवानगी तंत्रशिक्षण परिषदेने २०२३ पासून कॉलेजांना दिली आहे. चंद्रपुरात वीजकेंद्र, शासकीय तंत्रनिकेतन आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय एकाच गावात आहेत. नागपुरात वीजकेंद्रांसाठीच प्रशिक्षण देणाऱ्या एनपीटीआय या केंद्रीय संस्थेची शाखा आहे. यांना एका टेबलाशी बसवायला नवा कायदा लागत नाही.

विरोधी मुद्दाही ऐकायला हवा, कारण तो खरा आहे. आपल्याकडे अप्रेंटिस हा अनेक ठिकाणी स्वस्त मजूर असतो. २०१९ च्या सुधारित नियमांनी विद्यावेतन शिक्षणानुसार महिना ५००० ते ९००० रुपये ठरवले. तीस किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेत, असे बंधन घातले. बंधन संख्येचे आहे, शिकवण्याचे नाही. वर्षभर कोळशाच्या पट्ट्याखालची भुकटी झाडणाऱ्या मुलालाही ४० क्रेडिट आणि टर्बाइनच्या ओव्हरहॉलमध्ये घडलेल्यालाही ४० क्रेडिट, असे झाले तर त्या क्रेडिटला कोणतेही तंत्रनिकेतन हिंग लावून विचारणार नाही, आणि ते बरोबरच असेल.

यावर उत्तर आपल्याच बॉयलर हाऊसमध्ये सापडते. बॉयलर अटेंडंटचे प्रमाणपत्र १९२३ च्या बाष्पके कायद्याच्या परंपरेतले. तिथे अनुभवाची अट आहे, पण नुसत्या अनुभवावर कोणी प्रमाणपत्र देत नाही. सरकारी परीक्षक मंडळ समोर बसवून विचारते : पाण्याची पातळी काचेत दिसेनाशी झाली तर पहिल्यांदा काय करशील, आणि का? त्या ‘का’चे उत्तर देता आले तर प्रमाणपत्र. अनुभव मोजायचा, पण परीक्षेने पडताळायचा, ही पद्धत आपल्याकडे शंभर वर्षे चालत आली आहे. तिला फक्त कॉलेजच्या विषयांशी जोडायचे राहिले.

तेव्हा मागणी मोठी नाही. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाने औष्णिक केंद्रांतल्या अप्रेंटिसशिपमधले दोन-तीनच विषय निवडावेत. कार्यशाळेतले काम, सुरक्षा आणि औष्णिक यंत्रणा यांपासून सुरुवात करता येईल. त्यांची लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा मंडळानेच घ्यावी, आणि पास होणाऱ्याला पदविकेत त्या विषयांची पूर्ण सूट द्यावी. आणि हे लवकर व्हावे, कारण चंद्रपूरचे २१० मेगावॅटचे पहिले दोन जुने संच कायमचे बंद झाले. उरलेल्या जुन्या संचांचेही आयुष्य मोजकेच आहे. तिथे शिकलेल्या मुलांना उद्या सौर प्रकल्पात, उपकेंद्रात किंवा वेगळ्याच कारखान्यात जावे लागेल.

आणि जो मुलगा आज अप्रेंटिस म्हणून रुजू होतो आहे, त्याने मंडळाची वाट पाहत बसू नये. कोणत्या दिवशी कोणत्या यंत्रावर, कोणाच्या हाताखाली, काय काम केले याची वही ठेवावी आणि दर महिन्याला तिच्यावर विभागातल्या अभियंत्याची सही घ्यावी. कोणी क्रेडिटचे आमिष दाखवले, तर पैसे भरण्याआधी एक गोष्ट लेखी मागावी : ही क्रेडिट धरून पदविकेतले नेमके कोणते विषय माफ होणार, त्यांची यादी.